रेणूचं चुकलं कुठे?

आमच्या घरात तिला रेणू म्हणतात. आईने पहिल्याच रविवारी नाव ठेवून टाकलं. "रेनिरा की फेनिरा, माझ्या कवळीला नाही झेपत. ही आपली रेणू." लेकीने दोनदा दुरुस्त करून पाहिलं आणि सोडून दिलं. आता ती स्वतःच फोनवर मैत्रिणीला "रेणूचा ड्रॅगन" म्हणते आणि मग जीभ चावते.

तर ही 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' या मालिकेतली राणी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: राजाला मुलगा नाही, म्हणून तो मुलीला वारस नेमतो. सगळे सरदार गुडघे टेकून शपथा घेतात. मग राजा दुसरं लग्न करतो, त्या बायकोला मुलगा होतो, पण राजा शब्द बदलत नाही आणि बंदोबस्तही करत नाही. चोवीस वर्षांनी तो डोळे मिटतो तेव्हा मुलगी लांब बेटावरच्या किल्ल्यात असते. राजधानीत सावत्र भावाला मुकुट चढवून मोकळे होतात. ज्यांनी गुडघे टेकले होते त्यातले निम्मे मेलेले, बाकीच्यांना आठवत नाही. गावाकडच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव कसं राहून जातं ते ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवीन काही नाही.

मालिका २०२२ मध्ये आली तेव्हा मी ढुंकूनही पाहिली नाही, कारण तेव्हा माझं स्वतःचं राज्य चालू होतं. घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, दोन विंगा, ९६ फ्लॅट. मी सोसायटीची सेक्रेटरी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई बिल्डिंगमध्ये दिसली की लोक तिच्या हातात हिशेबाची वही देतात, तसं झालं. दीड वर्षाने, २०२४च्या जानेवारीत, त्याच लोकांनी वही काढून घेतली. मग संध्याकाळी करायला काही उरलं नाही. लेक म्हणाली, "आई, बस इथे, बघ." दुसरा सीझन जूनमध्ये यायचा होता, तोवर पहिला उरकला. आठ भागांचा दुसरा सीझन संपतो तिथे राणी अजून सिंहासनावर बसलेलीच नाही. मला तेवढा धीर नव्हता. मालिका ज्यावर बेतली आहे ते २०१८ साली आलेलं 'फायर अँड ब्लड' हे पुस्तक लेकीच्या कपाटात होतं, ते उचललं आणि वाचून काढलं. ज्यांना पुढचं कळायला नको असेल त्यांनी इथे थांबावं.

आमच्याकडे रेणूवर तीन खटले चालू आहेत.

लेकीचा आरोप असा की ती फार थांबते. "एवढे ड्रॅगन घरात आणि ही मीटिंगा घेते!" लेक आयटीत आहे, मीटिंग या शब्दावरच तिचा राग आहे.

आईचा आरोप पोरांबद्दलचा. रेणूचे आणि तिच्या पहिल्या नवऱ्याचे, दोघांचे केस चांदीसारखे पांढरे, आणि पहिली तिन्ही पोरं काळसर केसांची. "आंधळ्यालाही कळेल," आई म्हणाली. मला वाटलं आता नीतीवर प्रवचन येणार. पण तिचं म्हणणं वेगळंच निघालं. "करायचं ते करावं. पण बाप तरी त्याच रंगाचा बघायचा ना गं!" वय वर्षे एकोणऐंशी. मी पाणी आणायला उठले.

माझा खटला पैशाचा होता आणि त्यात मी वकील होते.

पुस्तक बखरीसारखं आहे. म्हणजे खरोखरच बखर. कथा सरळ सांगत नाही, घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी कुणीतरी तीन-चार जुन्या दस्तांवरून लिहितोय असं सोंग आहे. एक धर्मगुरू, तो सावत्र भावाच्या बाजूचा. एक दरबारी विद्वान, तो स्वतःची कातडी वाचवणारा. आणि एक मश्रूम नावाचा विदूषक, तो प्रत्येक गोष्टीत चावट काहीतरी घालणारा. तिघांचं एकमेकांशी पटत नाही. आपण कुठल्या बखरकाराचं मीठ कुणाकडे होतं हे बघत वाचायला शिकलेले लोक, आपल्याला हे पुस्तक सोपं जातं. लेकीला ते कंटाळवाणं वाटलं होतं, मला मात्र सोसायटीचं प्रोसिडिंग बुक वाचल्यासारखं वाटलं.

तर १३० साली (त्यांच्या सनाप्रमाणे) रेणू राजधानी घेते. फारसं रक्त न सांडता, कारण शहराचे शिपाई तिच्या नवऱ्याचे जुने लोक, ते दरवाजे उघडतात. बापाच्या सिंहासनावर बसते. तिजोरी उघडते. तिजोरीत खडखडाट.

टायलंड लॅनिस्टर हा सावत्र भावाचा खजिनदार. त्याने राजाचा जीव जाताच सोन्याचे चार भाग केले होते. एक परदेशी बँकेत, दोन आपल्या बाजूच्या दोन मोठ्या घराण्यांकडे, चौथा लाच आणि भाडोत्री सैन्यासाठी हाताशी. हे वाचताना मी बसमध्ये इतक्या जोरात "अगदी!" म्हणाले की कंडक्टरने विचारलं, मानपाड्याला उतरायचं का.

कारण मी चार्ज घेतला त्या दिवशी सोसायटीच्या खात्यात ४१,३१० रुपये होते आणि टँकरवाल्याचं थकलेलं बिल १,८६,००० होतं. सिंकिंग फंड म्हणजे बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी बाजूला ठेवायचा आणि मोठ्या दुरुस्तीशिवाय हात लावायचा नाही. त्याची एफडी मोडलेली. त्यातून लॉबीला इटालियन मार्बल आणि गेटवर सोनेरी अक्षरं. वर पाण्याच्या टाकीला भेग, पण टाकी गच्चीवर असते, पाहुण्यांना दिसत नाही.

रेणूने नवा खजिनदार नेमला, म्हातारा सेल्टिगार. त्याने दारूवर कर वाढवला, बंदरपट्टी वाढवली, दुकानदारांना पिळलं. मी मेंटेनन्स ३,४०० वरून ४,९०० केला. थकबाकीला २१ टक्के व्याज लावलं, उपविधीत तेव्हा कमाल तेवढंच बसत होतं आणि मी कमालच लावलं. थकबाकीदारांची यादी लिफ्टशेजारी चिकटवली. रेणूला शहराने एका जुन्या क्रूर राजाचं नाव दिलं, पुढे बाईच्या शरीरावरून एक घाणेरडी शेपटी जोडून. मला 'ईडी' म्हणायला लागले. त्यामानाने स्वस्तात सुटले. म्हणणारे कुठे बसून म्हणायचे? त्याच इटालियन मार्बलवर.

म्हणून कराच्या कलमाखाली मी तिला निर्दोष सोडते. चौकीदाराचा पगार, ड्रॅगनचं खाणं, सैन्याची भाकरी, हे शपथांवर चालत नाही. हां, टायलंडला तिने सोन्याचा ठावठिकाणा काढायला जे हालहाल करून आंधळा केला, त्याला माफी नाही. तो बोललाही नाही. आणि पुढे तोच आंधळा माणूस रेणूच्या मुलाचा कारभारी झाला, आणि चांगला झाला. या पुस्तकात अशा गोष्टी दोन ओळीत उरकून टाकतात, म्हणून त्या जास्त लागतात.

मधेच एक सांगते. रेणूबद्दल विचार करताना माझ्या डोक्यात सारखी ताराबाई येत होती. सोशल मीडियावरची 'रणरागिणी' नाही, ती पोस्टरवाली मला कळत नाही. मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून तिच्यावरचं जे मिळेल ते आणलं. १८९३ पासूनची संस्था, आजही तिथे बसलं की मोबाइल काढायची लाज वाटते. १७०० मध्ये राजाराम गेला तेव्हा ताराबाई पंचविशीची. औरंगजेब महाराष्ट्रात तळ ठोकून. सात वर्षं तिने त्याला दमवलं. तो मेला, शाहू सुटून आला आणि तिचेच सरदार एकेक करून त्याच्याकडे गेले. सातारा गेला. कोल्हापूरला बस्तान बसवलं तर १७१४ मध्ये सवतीने, राजसबाईने, आपल्या मुलाला गादीवर बसवून हिला आणि हिच्या मुलाला कैदेत टाकलं. दुसरी कुणी असती तर तिथेच संपली असती. ही पस्तीस वर्षांनी परत आली. शाहूच्या शेवटच्या दिवसांत म्हणाली, माझा नातू जिवंत आहे, लपवून वाढवलाय. रामराजाला गादीवर बसवलं. आणि वर्ष होतं न होतं तोच १७५० मध्ये त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं, आणि पुढे म्हणाली की हा माझा नातू नव्हेच.

पदच्युत माणसाचं हे मला नीट कळतं. एकदा हातातून गेलं की परत आल्यावर ते दोन्ही हातांनी धरावंसं वाटतं, आणि दोन्ही हात त्यातच गुंतले की जवळच्या माणसाला धरायला हात उरत नाही. ताराबाई ८६ वर्षं जगली, पानिपताचं साल बघून गेली. रेणूला तेवढं आयुष्य मिळालं नाही.

आता रेणूचं खरं चुकलं कुठे ते.

युद्धात तिच्याकडे ड्रॅगन जास्त आणि स्वार कमी. म्हणून तिचा थोरला मुलगा शक्कल काढतो: राजघराण्याच्या बाहेरख्यालीपणातून जी काही प्रजा बेटावर पसरली आहे तिला बोलवा, ज्याला ड्रॅगन जवळ करेल त्याला जहागीर. बरेच जण भाजून मरतात. चौघं टिकतात. त्यातले दोघं टम्बलटनच्या लढाईत ऐनवेळी शत्रूला मिळतात. गाव जळतं, जे होऊ नये ते सगळं होतं.

उरतात दोघं. त्यातला एक अ‍ॅडम. जहाजबांधणीच्या गावात वाढलेला, आई साधी, बापाबद्दल अधिकृत माहिती एक आणि मश्रूमची माहिती दुसरी. त्याने काहीही केलेलं नाही. तो राजधानीतच आहे, पहारा देतोय. दरबार म्हणतो, ते दोघं फुटले, हा त्याच मातीचा, आज ना उद्या हाही फुटणार. म्हातारा दर्यासारंग कॉर्लिस एकटा म्हणतो, मी याची हमी देतो. रेणू दरबाराचं ऐकते. अटकेचा हुकूम काढते. कॉर्लिस पोराला आधीच सावध करतो, तो ड्रॅगनवर बसून निसटतो. मग कॉर्लिसला मारहाण करून तळघरात टाकतात. तिच्या आरमाराचा धनी! त्या दिवसापासून त्याची माणसं तिच्यापासून सुटत गेली.

आणि अ‍ॅडम पळून कुठे गेला? शत्रूकडे नाही. नदीकाठच्या सरदारांना गोळा करत फिरला, चार हजार माणसं जमवली, टम्बलटनवर त्या दोघा फितुरांच्या छावणीवर रात्री चालून गेला आणि तिथे मेला. पुढे त्याच्या भावाने त्याची हाडं गावी आणून पुरली. थडग्यावर एकच शब्द कोरला. निष्ठावंत. (हा शब्द आजकाल ठाण्यात जरा इकडेतिकडे बघूनच उच्चारावा लागतो, पण पुस्तकात तोच आहे, मी काय करू.)

हे पान मी मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

आमच्या कमिटीत तिघं जुन्या चेअरमनच्या गोटातून आले होते. त्यातले दोघं डिसेंबरात फुटले. माझ्याविरुद्धच्या ठरावावर त्यांच्या सह्या, आदल्याच रात्री माझ्या घरी पोहे खाऊन गेलेले. तिसरे बी-३०४. त्यांचा गुन्हा एवढाच की ते जुन्या चेअरमनचे साडू.

बी-३०४ कमी बोलायचे. एका खासगी कंपनीत स्टोअर सांभाळून रिटायर झालेले. त्यांच्याकडे मी टँकरचं रजिस्टर दिलं होतं. टँकर पहाटे पाचला येतो, दहा हजार लिटरचा म्हणून बिल लागतं. ते काय करायचे, टाकीत कोरडी काठी सोडायचे, पाणी ओतायच्या आधी एकदा, नंतर एकदा, आणि ओल्या खुणेवर खडूने रेघ मारायचे. मग वहीत दोन आकडे, गाडीचा नंबर, वेळ, ड्रायव्हरची सही. पहिल्याच महिन्यात कळलं की काही गाड्या दीड हजार लिटर कमी ओततात. बिल उतरलं. थंडीत कानटोपी घालून, पावसात छत्री खांद्यात धरून, दीड वर्षात ते एक दिवस चुकले असतील तर मला आठवत नाही.

दोघं फुटले त्या रात्री मी बी-३०४ना कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला दरबारही नव्हता, मीच माझा दरबार. सकाळी वॉचमनच्या हाती निरोप धाडला, रजिस्टर आणि पंपरूमची चावी जमा करा. समोर गेले नाही. त्यांनी चावी दिली. वहीही दिली, पण तिच्यात शेवटच्या पानावर त्या दिवशीच्या पहाटेची नोंदसुद्धा होती. म्हणजे ग्रुपमधून काढल्याचं रात्री साडेअकराला दिसल्यावरही ते पाचला खाली उभे होते.

सभेत माझ्यावर आरोप आला की टँकरच्या बिलात मी खाल्लं. माझ्या बाजूने कोण उठलं असेल हे तुम्ही ओळखलंत. त्यांनी त्या वहीची झेरॉक्स काढून ठेवली होती, स्टोअरकीपरची सवय. तारीख, नंबर, काठीचं माप, एकेक ओळ वाचत गेले, लोक कंटाळून "पुरे पुरे" म्हणेपर्यंत. मी पदावरून गेलेच, पण चोर म्हणून गेले नाही. वाचून झाल्यावर ते खाली बसले आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी त्यांना काही म्हणाले नाही. त्या दिवशी रडू येत होतं म्हणून, नंतर लाज वाटत होती म्हणून, आणि मग फार दिवस झाले म्हणून.

रेणूचा शेवट सांगायचा राहिला. शहर पेटतं, लोक ड्रॅगनचा गोठाच फोडतात, त्यात तिचा अजून एक मुलगा मरतो. ती रात्री धाकट्या मुलाला घेऊन निघते. ज्यांच्या दारात जाते ते तिला ठेवून घेत नाहीत. बापाचा मुकुट विकून जहाजाचं भाडं देते. बेटावरच्या आपल्या किल्ल्यात पोचते तर तिथे सावत्र भाऊ आधीच येऊन बसलेला. तो तिला पोराच्या डोळ्यांदेखत आपल्या ड्रॅगनला खाऊ घालतो. आई म्हणाली, "आपल्या रेणुकेचं डोकं पोटच्या पोराने उडवलं, हिला भावाने. नावातच आहे काहीतरी." मग भावाने फर्मान काढलं की तिला कुणी राणी म्हणायचं नाही, राजकन्याच म्हणायचं. पुढच्या वर्षी त्याला विष घातलं आणि गादीवर कोण आलं, तर रेणूचाच तो मुलगा.

आमच्या लॉबीत नव्या कमिटीने आजवरच्या पदाधिकाऱ्यांचा बोर्ड लावला आहे. माझ्या नावापुढे 'प्रभारी' असं आहे. लेक म्हणाली, तक्रार कर. मी हसले. फर्मानांचं मला आता काही वाटत नाही.

परवाची गोष्ट. आईला पहाटे झोप लागत नाही, मी चहा टाकत होते. तिला अ‍ॅडमचं सगळं सांगून झालं होतं. खाली टँकरचा रिव्हर्सचा भोंगा वाजत होता, ती खिडकीशी उभी राहून ऐकत होती.

"मग त्या पोराची न् रेणूची गाठ पडली का नंतर?"

"नाही. मेला ना तो."

"तुझा तर हा काय, खाली काठी घेऊन उभा आहे."

नव्या कमिटीने रजिस्टर परत त्यांच्याकडे दिलं होतं, हे मला माहीत होतं. मी पातेल्यात अजून एक कप पाणी घातलं. साखरेचा डबा उघडला आणि थांबले. दीड वर्ष दर रविवारी एका टेबलावर चहा प्यायलो होतो आम्ही, आणि त्यांना साखर किती लागते ते मला आठवेना.